बाबासाहेबांच्या नावावर काहीही खपवले जाते

एप्रिल उजाडला की जोगेश्वरी पूर्वेच्या वस्त्यांत निळे झेंडे लागतात, विहारांना रंग दिला जातो आणि त्याच सुमारास प्रत्येकाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाची वचने धो धो कोसळू लागतात. सकाळी चहा घेण्याआधी तीस-चाळीस संदेश येऊन पडलेले असतात. त्यातले किती बाबासाहेबांचे असतात? ग्रंथ कोणता, भाषण कुठले, साल कोणते, यातले काहीच लिहिलेले नसते. खाली फोटो असतो आणि "जयभीम" असते, एवढ्यावर आपण तो संदेश दहा जणांना पाठवतो.

आम्ही हे मुद्दाम कठोरपणे लिहीत आहोत. विरोधकांनी पसरवलेले खोटे आपण चटकन ओळखतो. जे खोटे आपल्याला आवडते, ज्याने छाती फुगते, ते मात्र आपण तपासत नाही. कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना जगातील पहिल्या क्रमांकाचा विद्वान ठरवले, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. खरी गोष्ट अशी की, त्या विद्यापीठाने आपल्या स्थापनेच्या २५० व्या वर्षी, २००४ मध्ये, काळाच्या पुढे असलेल्या आपल्या विद्यार्थी-प्राध्यापकांची एक यादी केली आणि तीत बाबासाहेबांचे नाव घेतले. १९५२ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती. हे काय कमी आहे? मग त्यावर पदरचा पहिला नंबर कशाला चिकटवायचा? उद्या एखादा कॉलेजातला पोरगा वादात हे वाक्य फेकतो, समोरचा ते खोडून काढतो आणि त्या एका खोट्यापायी त्याची पुढची दहा खरी वाक्येही कुणी ऐकून घेत नाही.

आणि हा प्रश्न बाबासाहेबांना नवा नव्हता. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या घराघरांत आहे. तथागतांच्या नावावर नसते बोल कसे चिकटवले गेले, याची चर्चा त्यांनी त्यात केली आहे. बुद्धवचन मुखोद्गत ठेवणारे भाणक होते, ऐकलेले अफाट होते, त्यात फरक पडत गेला. खुद्द तथागतांच्या हयातीत असे विपर्यास झाले, त्याची पाच उदाहरणे बाबासाहेबांनी सुत्तांमधून काढून दाखवली. मग खरे बुद्धवचन ओळखायचे कसे? त्यांनी तीन कसोट्या सांगितल्या. बुद्ध विवेकी आणि तर्कनिष्ठ होते, म्हणून जे बुद्धीला आणि तर्काला धरून आहे ते त्यांचे मानता येईल. माणसाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, अशा चर्चेत ते पडत नसत. आणि ज्या बाबतीत त्यांना खात्री होती व ज्या बाबतीत नव्हती, असे दोन भाग ते स्वतः करीत. ज्या महामानवाने तथागतांचे नाव लावून आलेले वचनही पारखून घेतले, त्याच्या नावाचे वचन आपण न पारखता पुढे ढकलतो, ही अनुयायांना शोभणारी गोष्ट नाही.

निवड करणे म्हणजे काय, हे पाहायचे तर वसंत मून यांचे काम पाहावे. महसूल खात्यातला हा आंबेडकरी अधिकारी. बाबासाहेबांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती, कोर्टकचेरीत अडकली होती. सुटी पाने, अर्धवट प्रकरणे, एकाच मजकुराच्या दोन-दोन प्रती, त्यावर हाताने केलेल्या दुरुस्त्या. हे सारे जुळवून महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९७९ मध्ये आला. जिथे पाने मिळाली नाहीत, तिथे ती मिळाली नाहीत असेच खंडांत छापले गेले. बाबासाहेब काय म्हणाले असते हे कुणी आपल्या मनाने भरले नाही. १९८७ च्या खंडातील 'रिडल्स'वरून वादळ उठले, तेव्हा त्या लिखाणाच्या रक्षणासाठी १९८८ मध्ये याच मुंबईत आपल्या माणसांचा प्रचंड मोर्चा निघाला. त्या मोर्च्यात चाललेल्या घरांपैकी किती घरांत तो खंड आहे, आणि असलाच तर किती जणांनी उघडला आहे?

दोष सगळा वाचकांचा नाही. खंड मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो, हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. नऊ लाख प्रती छापण्यासाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती, ही बातमी 'लोकसत्ता'ने २०२१ मध्ये दिली. तिची दखल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली. अस्सल ग्रंथ गोदामातल्या कोऱ्या कागदात अडकले आणि बनावट वचन फुकटात घरपोच, असा हा सरकारी न्याय!

जोगेश्वरीकरांना तर पारखण्याचा धडा घराशेजारीच आहे. प्रत्येक लेणे बौद्धच, असे ठोकून देणारे संदेश येतात. जोगेश्वरीचे लेणे शैव आहे, साधारण सहाव्या शतकातले. ते आपले म्हणण्याची गरज नाही. कारण विक्रोळी लिंक रोडच्या बाजूला कोंडिविटेची लेणी आहेत आणि ती खरोखर बौद्ध आहेत. तिथे चैत्य आहे, स्तूप आहे, ब्राह्मी लिपीतला दानलेख आहे. लोक त्यांना महाकालीची लेणी म्हणतात, ते जवळच्या देवळावरून पडलेले नाव. आपला खरा वारसा रिक्षाच्या अंतरावर असताना दुसऱ्याच्या वारशावर खोटा हक्क सांगून आपण काय मिळवतो? उलट, खरा हक्क सांगताना आपलाच आवाज पडतो.

आणि अफवा ही काही गंमत नव्हे. जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीने काय पाहिले, हे इथल्या वयस्कर माणसांना विचारावे.

आमचे म्हणणे थोडके आहे. प्रत्येक विहारात एक कपाट असावे, त्यात निवडक खंड असावेत. दहा पुरतील, शंभर नकोत. रविवारच्या वंदनेनंतर एक पान मोठ्याने वाचावे आणि त्यावर पोरांनी प्रश्न विचारावेत. ग्रुपच्या ॲडमिनने एवढाच नियम करावा की खंड क्रमांक किंवा भाषणाची तारीख नसलेले वचन टाकायचे नाही. पहिली परीक्षा आपल्या लाडक्या घोषणेचीच होऊ द्या. नागपूरला जुलै १९४२ मध्ये बाबासाहेबांनी इंग्रजी भाषणात जो उपदेश केला, त्यात शिक्षण, आंदोलन आणि मग संघटन असा क्रम आहे. आपल्या बॅनरवर शेवटचे दोन उलट झाले आहेत. ते का आणि कधी झाले, याचा शोध घेण्याचे काम यंदाच्या जयंतीला एखाद्या मंडळाने पोरांना द्यावे. सतराव्या खंडाचा तिसरा भाग मात्र आधी मिळवावा लागेल.