तोंडाला पाणी सुटते ते मिठामागून

भाईंदरची मिठागरे आपल्या परिचयाची आहेत. तेथे वाफ्यात कोंडलेल्या खाडीच्या पाण्यातून ऊन पाणी हरते आणि मीठ मागे उरते. आपल्या लालाग्रंथींत मात्र आधी मीठ पुढे सरते आणि पाणी त्याच्या मागून येते.

कैरीची फोड जिभेला लागताच लालाग्रंथीपाशी मज्जातंतूंच्या टोकांतून असिटिलकोलीन हे रसायन स्रवते. त्याच्या संदेशाने पेशीत साठवलेले कॅल्शियम मोकळे होते व नलिकेकडील बाजूची क्लोराइडची दारे उघडते. रक्ताकडील बाजूने आधीच भरून घेतलेले क्लोराइड आयन त्यांतून बाहेर पडतात. ते ऋणभारित, म्हणून धनभारित सोडियम पेशींमधल्या फटींतून त्यांच्याकडे ओढला जातो. दोघांच्या संयोगाने क्षार वाढला की पाणीही तिकडे धावते. दिवसाकाठी अशी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते.

पुढे नलिकांच्या भिंती बहुतेक सोडियम व क्लोराइड परत शोषून घेतात; पोटॅशियम आणि बायकार्बोनेट तेवढे मिसळतात. त्यामुळे लाळ रक्ताहून अळणी राहते आणि आमटीतले मीठ आपल्याला जाणवते. बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडून दात राखते.

आता घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहा. त्यांच्या तोंडाला सतत कोरड पडत असेल, तर वयाला दोष देऊन स्वस्थ बसू नये. ॲलर्जी, नैराश्य किंवा वारंवार लघवी होणे यांवरील काही औषधे असिटिलकोलीनचा संदेशच अडवतात. मग कॅल्शियम जागचे हलत नाही आणि क्लोराइडची दारे बंद राहतात. परिणामी दात किडतात, कवळी टोचते, तोंडात बुरशी वाढते. भाकरीचा कोरडा घास पाण्याविना गिळता येत नाही, ही ओळखण्याची सोपी खूण.

अशा वेळी सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. मात्र एकही औषध परस्पर बंद करू नये. तहान व लघवी दोन्ही वाढली असल्यास रक्तातील साखर तपासावी. डोळेही कोरडे पडत असतील व सांधे दुखत असतील, तर तेही अवश्य सांगावे. तोवर घोट घोट पाणी प्यावे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत, आणि साखरेच्या गोळ्या व तंबाखू यांना घराबाहेरच ठेवावे.