गणेशखिंडींतला वाडा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, पुण्यास कामाला जातां तेव्हां पोरांस एकदां गणेशखिंडींतला वाडा दाखवा. विलायतेच्या राणीच्या वतीनें मुंबई इलाख्यावर अंमल करणाऱ्या गव्हर्नरासाठीं तो १८६४ सालीं बांधावयास घेतला, १८७१ त पुरा झाला. साहेबास पावसाळ्यांत मुंबई नको, म्हणून एवढा थाट! पैसा सरकारी तिजोरींतला, आणि तिजोरींत मोठी भर कुणब्याच्या शेतसाऱ्याची.

आमच्या शाळेंतल्या एका पाथरवटाच्या मुलानें भिंतीवर हात फिरवून विचारलें, "गुरुजी, हे दगड आपल्यांनींच घडवले ना?" साहेबांचीं नांवें बुकांत आहेत, त्या हातांचीं कोण सांगणार?

१९४९ पासून तेथें पुणें विद्यापीठ आहे. १८४८ त पुण्यांत मुलींस शिकवूं लागलेल्या, त्यापायीं शेणमार सोसणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचें नांव त्यास २०१४ सालीं मिळालें. आनंद आहे; पण पाटीस हात जोडून परतूं नका. सातवींतल्या एका मुलीनें मला तेथेंच विचारलें, "इथं शिकायला किती पैसे पडतात?" तिच्या बापानें लग्नाची बोलणी काढण्याआधीं ही चौकशी करावी.