नाल्याकाठचा चहा



मोटारसायकल म्हटली की आपल्या वस्तीत तिची दोनच कामे डोळ्यांपुढे येतात : कामावर जाणे आणि पोरांना शाळेत सोडणे. परंतु 2024 च्या सप्टेंबरात आम्ही आणि आमचे एक फिटर मित्र, आपापली दीडशे सीसीची गाडी घेऊन हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याच्या डोंगरवाटा तुडवून आलो. 'या वयात हे कसले खूळ?' असे घरच्यांनी विचारलेच. पराक्रम सांगण्यासाठी हा लेख नाही. त्या वाटेवर आमच्या हातून एक चूक घडली, ती तुमच्यापुढे कबूल करावयाची आहे.

खर्च बेताचाच ठेवला होता. टाक्या रिकाम्या करून, गाड्या गोणपाटात बांधून रेल्वे पार्सलने चंदीगडला पाठविल्या. तेथून शिमला, रामपूर, किन्नौर असे हळूहळू चढत गेलो. मनालीकडून गेले तर वाट जवळची. पण मग एकाच दिवसात माणूस साडेचार हजार मीटरच्या वर पोचतो. विरळ हवेची शरीराला सवय झालेली नसते. डोके ठणकते, मळमळते, चक्कर येते. अशा वेळी हिंमत दाखवू नये, खाली उतरावे. तेच खरे औषध. गाडीचेही तसेच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला उंचावर हवा कमी पडते, पेट्रोल जास्त होते आणि ती धापा टाकू लागते. मित्राने नाकोच्या चढावर स्क्रू पिळून, एअर फिल्टर झटकून दोन्ही गाड्या मार्गी लावल्या. आमची बी. कॉम.ची पदवी तेथे काही कामाची नव्हती.

ताबोला मुक्काम केला. इ. स. 996 मध्ये स्थापन झालेला तेथील मठ मातीच्या भिंतींचा आहे. बाहेरून पाहिले तर आपल्याकडचे जुने धाब्याचे घर वाटावे. आत अंधारात भिंतींवर बुद्धचरित्र रंगविलेले. हजार वर्षांपूर्वी काढलेली ती चित्रे पाहताना बोलावेसे वाटेना. तेथील बौद्ध लोकांची पूजापद्धत आपल्याहून वेगळी. चक्रे फिरवितात, अनेक देवता मानतात. मित्राने हळूच विचारले, "बावीस प्रतिज्ञांत हे कसे बसायचे?" आम्ही म्हणालो, "वाद मुंबईत घालू. इथे आधी वंदन करू." तथागतांपुढे दोघे पाच मिनिटे बसलो.

काझाला दोन रात्री विसावा घेऊन कुंझुम खिंडीकडे निघालो. लोसर हे स्पितीतले शेवटचे गाव. तेथून पुढे ग्राम्फूपर्यंत कायमची वस्ती नाही. उन्हाळ्यापुरते काही तंबू आणि चहाची दुकाने. रस्ता म्हणावा तर नुसते धोंडे, वाळू आणि बर्फाचे पाणी आणणारे नाले. या नाल्यांचा एक नियम आहे. सकाळी बर्फ वितळलेले नसते म्हणून पाणी कमी. दुपार चढली की पाणी चढते. मित्र पहाटेच निघू म्हणत होता. आम्ही मात्र आधी काझात आवराआवरीत वेळ घालविला, मग खिंडीतल्या पताकांपाशी फोटो काढीत बसलो. बातल ओलांडून पुढच्या नाल्यावर पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते.

पाणी गुडघ्याच्या वर. मित्र म्हणाला, "थांबा, आधी पायी जाऊन तळ बघतो." पण उशीर आमच्यामुळे झालेला, त्याची भरपाई करण्याच्या नादात आम्ही गाडी पाण्यात घातली. मध्यावर पुढचे चाक धोंड्यावर घसरले आणि गाडी अंगावर आली. उजवा पाय खाली अडकला. ते पाणी इतके गार की ओरडायलाही श्वास पुरेना.

मित्राने आपली गाडी टाकून उडी घेतली. पलीकडे रस्त्याचे काम करणारे चार मजूरही धावले. पाचजणांनी मिळून आम्हांला आणि गाडीला काठावर ओढले. पाय मोडला नव्हता, घोटा मात्र सुजला. "स्टार्टर दाबू नका!" मित्र ओरडला. त्याने स्पार्क प्लग काढला, किक मारमारून इंजिनातले पाणी बाहेर फेकले. मजुरांनी आम्हांला आपल्या तंबूत नेले, कोरडी घोंगडी पांघरली, चहा ठेवला.

ते झारखंडच्या दुमका भागातले संथाल. सीमेवरचे हे रस्ते बांधायला तिकडचे आदिवासी मजूर दरवर्षी येतात. आपण टीव्हीवर रस्त्यांची उद्घाटने पाहतो. खडी फोडणारे हे हात मात्र दिसत नाहीत.

त्यांच्यातल्या वयस्क माणसाने विचारले, "भैया, कहाँ से? नाम क्या है?"

वाचकहो, येथे ती चूक घडली. आम्ही गाव सांगितले आणि फक्त पहिले नाव सांगितले. आडनाव गिळले. वीस वर्षे जयंतीच्या व्यासपीठावरून स्वाभिमानावर भाषणे देणारे आम्ही! आमच्या मराठी आडनावावरून त्या संथाल माणसाला काय कळणार होते? तरीही परक्या मुलखात, कोणाच्या तरी भांड्यातला चहा घेण्याआधी आडनाव टाळायची जुनी सवय आपोआप जिभेवर आली. मित्राच्या ते ध्यानात आले. त्याने आपले पूर्ण नाव सांगितले आणि म्हणाला, "हम दोनों बाबासाहेब के लोग हैं." म्हातारा हसला, "अच्छा, अच्छा," म्हणाला आणि त्याच पेल्यांत चहा ओतला, ज्यांत ते स्वतः पीत होते.

त्या रात्री छत्रूच्या तंबूत झोप लागली नाही. 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेला जेमतेम दहा वर्षांचा भीमराव आठवत होता. मसूर स्टेशनवर मास्तरने 'तुम्ही कोण?' म्हणून विचारले, तेव्हा त्या मुलाने क्षणभरही विचार न करता खरे सांगून टाकले. त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली, ती मुलांनीच हाकायची आणि गाडीवाला बाजूने चालणार! जवळ जेवण होते, पण वाटेत पाणी कोणी देईना. एवढे सोसून त्या मुलाने पुढे आपल्याला नाव दिले, आणि आम्ही ते नाल्याकाठी लपविले.

परतीच्या वाटेवर जेथे नाव विचारले गेले, तेथे आम्ही ते पूर्ण सांगितले. बहुतेक ठिकाणी काहीच झाले नाही. एके ठिकाणी दुकानदार गप्प झाला. चहा त्यानेही दिला.

आपली तरुण मुले अशा सफरीला निघाली तर त्यांना अडवू नका. एवढेच बजावून सांगा : एकट्याने जाऊ नये, हेल्मेट उतरवू नये, उंची हळूहळू गाठावी, नाला सकाळी ओलांडावा आणि सोबत्याचे ऐकावे. आणि कोणी नाव विचारले तर पूर्ण सांगावे.

जयभीम!