व्हॅक्यूम क्लीनर घ्या, पण दम्याचे औषध म्हणून नको

"डॉक्टर, मशीन घेतलं, म्हणून पंप बंद केला." गेल्या पावसाळ्यात एका आईने मला हे सांगितले. सोबत दुसरीतला मुलगा, छाती वाजत होती, बोलताना वाक्य तुटत होते. मशीन म्हणजे हप्त्यावर घेतलेला व्हॅक्यूम क्लीनर. विक्रेता घरी आला, गादीवर नळी फिरवली, आत लावलेले पांढरे फडके काढून दाखवले. ते राखाडी झाले होते. "तुमचं लेकरू रोज यावर झोपतं," एवढेच तो म्हणाला. पुढचे काम आईच्या भीतीने केले.

मुलगा नेब्युलायझरवर दोन तासांत सावरला. माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी ते फडके. आपल्या गाद्या कापसाच्या. त्यांतून तंतू, माती आणि आपल्याच कातडीचा भुसा निघत राहणार. आज निघेल, उद्या निघेल, नवीन गादीतूनही निघेल. विक्रेत्याला म्हणा, उद्या परत ये आणि याच गादीवर पुन्हा फिरव. फडके पुन्हा राखाडी होईल. त्यावरून गादीत कापूस आहे एवढेच कळते, मुलाच्या दम्याचे कारण कळत नाही.

धुळीची ॲलर्जी खरी आहे, ती मी नाकारत नाही. घरच्या धुळीत डस्ट माइट नावाचा आठ पायांचा जीव असतो, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका. तो आपल्या कातडीच्या गळलेल्या कणांवर जगतो. चावत नाही. त्याच्या विष्ठेने ॲलर्जी होते. पण तो गादीच्या आत धाग्यांना धरून बसतो. व्हॅक्यूम वरवरची धूळ आणि थोडी विष्ठा ओढतो, जिवंत माइट बहुतेक आतच राहतात. कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये माइट कमी करण्याच्या उपायांवरील पन्नासहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. गादीची आवरणे, फवारे, यंत्रे, सगळे त्यात आले. दम्याच्या रुग्णांना त्यातून म्हणावा असा फायदा दिसला नाही. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही हेपा व्हॅक्यूमला जागा आहे ती अनेक उपायांपैकी एक म्हणून, तीही ॲलर्जी सिद्ध झालेल्या रुग्णासाठी. एकटे यंत्र पुरेसे नाही.

आता कायद्याची गंमत बघा. औषधांच्या १९४५ च्या नियमांत 'अनुसूची जे' नावाची यादी आहे. तिच्यातले आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत दमा आहे. मी लिहून देतो त्या पंपाच्या खोक्यावर 'दमा बरा होतो' असे छापता येत नाही. यंत्र विकणारा मात्र तुमच्या दिवाणावर बसून, चहा पिऊन, तेच सांगून जातो. वर "डॉक्टरही सांगतात" म्हणतो. माझे नाव कुणी घेतले तर मी तसे सांगितलेले नाही.

आणि हे यंत्र मुळात कशासाठी? गालिच्यांच्या घरांसाठी. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्युबर्ट बूथने हवा ओढणारे सफाईचे यंत्र काढले, ते घोडागाडीवरून दारी यायचे आणि लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असेल तर झाडूचा उपयोग नाही. दिग्रसमध्ये किती घरांत गालिचा आहे? आपल्याकडे फरशी आहे, शहाबादी आहे, खेड्यात सारवलेली जमीन. फरशीला ओले पोछे पुरते. कोरड्या झाडूने धूळ उडते, तेव्हा दम्याचा रुग्ण घरात असेल तर आधी ओले फडके फिरवा.

आपल्याकडची धूळही वेगळी. भाव वाढेल म्हणून खोलीत भरून ठेवलेला कापूस, सोयाबीन आणि तूर काढतानाचा भुसा, चुलीचा धूर, रात्रभर जळणारी मच्छर अगरबत्ती. व्हॅक्यूम यातले काय थांबवणार? लेकरू कापसाच्या ढिगाशेजारी झोपत असेल तर ते आधी दुसऱ्या खोलीत हलवा, त्याला पैसा लागत नाही. आपला कोरडा उन्हाळा माइटला मानवत नाही, त्याला ओल लागते. पण बंद खोलीत कूलर चालवून ती ओल आपणच देतो. खिडकी उघडी ठेवा, कूलरचे गवत दर हंगामात बदला. चादरी-अभ्रे आठवड्याला ५५-६० अंशांच्या कढत पाण्यात धुवा. गाद्या, वाकळी मे महिन्यात गच्चीवर टाका. आजी हेच करायची, आणि ती कुणाचे हप्ते भरत नव्हती.

तरीही घ्यायचाच असेल तर घ्या. सोफे, कुत्रा-मांजर, जाड पडदे असतील तर उपयोगी वस्तू आहे. वॅट पाहून भुलू नका, वॅट म्हणजे वीज किती खाते ते. खरे हेपा गाळणे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, पण यंत्राच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर त्याचा उपयोग नाही. पाण्यातून हवा जाते म्हणजे हेपा झाले असे नाही. धुळीची पिशवी असलेले यंत्र ॲलर्जीवाल्या घराला बरे, डबा उपडा करताना धूळ पुन्हा नाकात जाते. पिशव्या आणि दुरुस्ती कुठे मिळेल ते आधी विचारा, यवतमाळपर्यंत खेटे घालावे लागतील का ते बघा. फिरता रोबो आपल्या उंबरठ्यावर अडकतो. यंत्र चालू असताना आणि त्यानंतर अर्धा तास रुग्णाने त्या खोलीत थांबू नये, आणि ते त्याने चालवू तर नयेच.

थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी येऊ नये. फसवणूक वाटली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

राहिला पंप. "सवय लागते" हा गैरसमज या यंत्रांच्या विक्रीला फार मदत करतो. सूज कमी करणारा रोजचा पंप श्वासनलिकेत अगदी थोडे औषध पोचवतो. तो महिन्याला काही शे रुपयांत पडतो, यंत्राच्या एका हप्त्याहून बहुधा कमीच. नुसता धाप लागल्यावरचा पंप ओढत राहणे पुरेसे नाही, २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेनेही तो एकटा वापरायला नको म्हटले आहे. लहान मुलाला तो स्पेसरमधून द्यावा, नाहीतर बरेचसे औषध घशातच राहते.

मशीन घेऊन झाले असेल तर वापरा, टाकून देऊ नका. पंप मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पुढच्या वेळी येताना तो सोबत आणा आणि कसा ओढता ते माझ्यासमोर करून दाखवा.