अर्धकथानकातील मित्र

जौनपूर येथे गोमतीच्या पुलावर काही तरुण मित्र एकत्र बसले होते. त्यांच्यातील बनारसीदास या श्रीमाळ व्यापाऱ्याच्या मुलाने पोथी उघडली. हजारभर पद्यांचे ते शृंगारप्रधान काव्य त्याने किशोरवयात रचले होते. वाचता वाचता त्याच्या मनात आले की, एक असत्य बोलणाराही दुर्गतीला जातो आणि येथे तर अवघी पोथीच कल्पित! त्याने ती नदीत भिरकावली. मित्रांनी हाय हाय केले; पण विखुरलेली पाने खोल पाण्यातून कोण गोळा करणार?

हा प्रसंग बनारसीदासांनीच पस्तीसेक वर्षांनंतर, १६४१ मध्ये आग्र्यात लिहून ठेवला. माणसाचे आयुष्य ११० वर्षांचे मानून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेल्या या आत्मचरित्राला त्यांनी ‘अर्धकथानक’ असे नाव दिले. असत्याच्या भयाने पोथी बुडविणाऱ्याला आता स्मरणावर विसंबून लिहावयाचे होते. ही अडचण त्यांनी लपविली नाही. एका जीवाच्या एका दिवसातील साऱ्या अवस्था केवली जाणतात, पण त्यांनाही त्या सांगता येणार नाहीत. म्हणून आपण केवळ स्थूल गोष्टी सांगतो, असे ते म्हणतात.

या स्थूल गोष्टींत मित्र ठळक आहेत. आग्र्यात पैसा संपला तेव्हा ते घरी रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचीत. दहा-वीस माणसे ऐकावयास येत. त्यांत एक कचोरीवाला होता. त्याने कित्येक महिने त्यांना उधारीवर खाऊ घातले. आता देऊ नकोस, माझ्याजवळ काही नाही, असे त्यांनी सांगितले, तरी त्याने हात आखडला नाही. उधारीचा आकडा वहीत सापडतो. ही माया मात्र बनारसीदासांना आठवली म्हणूनच आपल्यापर्यंत पोहोचली.

आचार्य माणिक्यनंदींनी ‘परीक्षामुख’ ग्रंथात स्मृतीला परोक्ष प्रमाणांत स्थान दिले. इतर बहुतेक दर्शनांनी तिला तो मान दिला नाही. तरीही स्मरणाभासाचे उदाहरण आचार्य देतातच: जिनदत्ताच्या ठिकाणी ‘तो देवदत्त’ असे आठवणे. जुन्या मित्रांच्या बैठकीत याचा अनुभव कोणाला येत नाही? एकाची खोडी दुसऱ्याच्या नावावर जमा होते आणि दोघेही हसून मान डोलावतात.

बनारसीदासांनी एक लाजिरवाणी आठवणही सांगितली आहे. चंद्रभान, उदयकरण, थान आणि ते स्वतः असे चौघे खोलीत नग्न होऊन फिरत आणि आपण मुनिराज झालो, परिग्रह उरला नाही, असे म्हणत. ही कबुली प्रांजळ आहे. पण तिच्यात तिघांची नावे त्यांना न विचारता गोवली गेली. त्यांची बाजू ग्रंथात नाही. एकटा बनारसीच फिरत होता, आम्ही नुसते हसत होतो, असे थान कदाचित म्हणाला असता. आणि एकांत मिळाला की कधी कधी आपण नाचतो, हे तर बनारसीदासांनी शेवटी स्वतःच्या दोषांत नोंदविलेच आहे.