भटकंती : फोर्टिंगलचं झाड आणि आजींचं नाव

स्कॉटलंडात कॅमेरा घेऊन हिंडायचं म्हणजे खरं तर छत्री घेऊन हिंडायचं. तरीही जूनमधल्या एका शनिवारी धीर करून आम्ही पर्थशरमधल्या फोर्टिंगल या खेड्यात जाऊन आलो. बरोबर आमची लेक आणि वाईहून आलेल्या आजी, म्हणजे ह्यांच्या आई.

अ‍ॅबरफेल्डीच्या पश्चिमेला सुमारे ८ मैलांवर, ग्लेन लायन या लांबलचक दरीच्या तोंडाशी हे गाव आहे. एक रस्ता, एक हॉटेल, एक चर्च आणि गवताने शाकारलेली देखणी घरं. बोटींच्या धंद्यात गबर झालेल्या सर डोनाल्ड करींनी ती १८९० च्या सुमारास जेम्स मॅक्लॅरन या वास्तुकाराकडून बांधून घेतली. त्यांचे फोटो पटापट काढून चर्चकडे वळलो, तर आजी फाटकाशीच थबकल्या.

"अगं, स्मशानात कसले फोटो काढायचे?"

"आजी, इथे लोक सहज फिरायला येतात," लेक म्हणाली. आजींनी 'घरी गेल्यावर आंघोळ करू' असं जाहीर केलं आणि आत आल्या.

आत आहे तो यू जातीचा प्रसिद्ध वृक्ष. वय निदान २,००० वर्षं तरी असावं म्हणतात. कोणी ५,००० वरही नेतात. १७६९ साली त्याचा घेर ५२ फूट मोजला होता. पुढे लोकांनी आठवण म्हणून फांद्या तोडून नेल्या, बुंधा मधोमध पोखरला आणि त्यातून म्हणे प्रेतयात्रा जाऊ लागल्या. आता भोवती भिंत आहे. हे झाड नर. पण २०१५ साली त्याच्या एका फांदीला लाल फळं धरलेली दिसली! पाँटियस पायलट इथलाच, अशीही दंतकथा आहे. पण त्याचा ज्यूडियातला कारभार इ. स. ३६ ला संपला आणि रोमन फौजा ब्रिटन जिंकायला उतरल्या ४३ मध्ये, तेव्हा ती सोडून द्यावी. आजींनी झाडाला वडासारखा नमस्कार केला. प्रदक्षिणा मात्र भिंतीमुळे राहिली.

आता थोडं फोटोंविषयी. भर दुपारी थडग्यावरची अक्षरं दिसत नाहीत. उन्हं तिरपी झाली की तीच अक्षरं उठून येतात, आणि इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून घाई करू नये. सावलीतल्या दगडावर आरशाने बाजूने ऊन पाडावं. शेवाळ खरवडू नये, अक्षरांत खडू भरू नये, दगड झिजतो. आम्ही पर्समधला आरसा वापरला. तो धरायचं काम आजींकडे.

त्यामुळे सगळे दगड त्यांनी जवळून पाहिले. लेक वाचून दाखवत होती. तीन-चार दगडांनंतर आजींनी विचारलं, "नवराबायको ना हे? मग आडनावं वेगळी कशी?" स्कॉटलंडातली जुनी रीतच ती. बायकोचं नाव थडग्यावर माहेरच्या आडनावाने कोरतात.

आजी गप्प झाल्या. मग लेकीने सहज विचारलं, "आजी, तुझं आधीचं नाव काय होतं गं?"

खरं सांगतो, आम्हालाही ते नीट माहीत नव्हतं. १९६८ साली लग्नात आडनाव बदललं, आणि ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नावही लिहिलं गेलं. जुन्या नावाने हाक मारणारा त्यांचा शेवटचा भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला. आजोबांच्या अस्थी कृष्णेत सोडल्या, तशा आपल्याही सोडायच्या, हे आजींनी बजावून ठेवलंय. "दगडबिगड नको मला," त्या म्हणाल्या, "पण नाव सांगते. लिहून ठेव." लेकीने तिथेच पाकिटावर लिहून घेतलं. पहिल्यांदा चुकलं, आजींनी दुरुस्त केलं.

या चर्चमध्ये जुन्या साधूंच्या काळातली, हजाराहून अधिक वर्षांची लोखंडी हातघंटा होती. २०१७ साली ती चोरीला गेली. ती कशी दिसायची ते आता फोटोत पाहायचं. नावाचा मात्र फोटो निघत नाही. ते कोणीतरी विचारावं लागतं.

परतताना शेतातला तो उंचवटाही टिपला. चौदाव्या शतकातल्या प्लेगचे बळी तिथे पुरले आहेत. पांढऱ्या घोड्याच्या घसरगाडीवरून एका म्हातारीने ते आणले, असं तिथल्या दगडावर लिहिलंय. त्या म्हातारीचं नाव मात्र कुठेच नाही.

आजींचा झाडापाशी काढलेला फोटो आम्ही कागदावर छापून घेतला. मागे त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही नावं लिहिली, माहेरचं आधी. मंडळी, तुमच्या घरी कोणी आजी आल्या असतील तर त्या परत जाण्याआधी एवढं विचारून घ्या.

आणि हो, घरी आल्यावर आंघोळी झाल्या. चौघांच्याही.