सांधा

‘सांधेवाला’ हा आपल्या मराठीतला मोठा गोड शब्द आहे. गाडी धावते इंजिनाच्या जोरावर. पण योग्य ठिकाणी पोहोचते ती सांधेवाल्याच्या कृपेने. शहरातल्या प्रवासाचेही तसेच आहे.

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. पुढे आम्हां गिरगावकरांचा भार बसने आणि लोकलने वाहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पुरती सुरू झाली आणि आमच्या फणसवाडीलाही गिरगाव स्टेशन जवळ आले. दादर आता घटकेत गाठता येते.

पण माझ्या आईला दादरला जायचे नसते. तिला परळला मावशीकडे जायचे असते! लोकलची गर्दी तिला सोसत नाही. मेट्रोतून वर आले की उरलेला तुकडा बसचा. साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाचाचे दहा रुपये झाले. तेही ती देईल. पण थांब्यावर टेकायला जागा नाही आणि बसचा पत्ता नाही, तर पंचाहत्तरीच्या गुडघ्यांनी करायचे काय? दोघी बहिणी हल्ली फोनवरच भेटतात. फराळाचा डबा काही फोनवरून पोहोचत नाही!

साडेतेहतीस किलोमीटरचे भुयार खणणाऱ्यांना माझा नमस्कार. आता मेट्रोच्या दाराशी वेळेवर बस आणि थांब्यावर एक बाक, एवढे झाले की पुरे. सुट्या शब्दांचे वाक्य होत नाही. त्यांना प्रत्यय लागतात. आणि प्रत्यय किती लहान असतात, हे वाचकांना सांगायला नकोच.